होडीला आधी पाणी

नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या अकोल्यात, जठारपेठेतल्या अंगणात, आमचे शेजारी तायडेकाका निवृत्तीनंतर शिडाची होडी बांधायला बसले. जन्मभर गणित शिकवलेलं, पोहण्याच्या नावानं पूज्य. कोणी हसलं तरी रंधा थांबत नसे. "हासून घ्या लेकहो. पाण्यात उतरली म्हंजे बोलजा!"

खरी हौस एकच होती, सुमनकाकूंना होडीत बसवून धरणावर फिरवायची. काकूंची अट सोपी होती. "एक थेंब गळली तं मी पाय ठेवणार नाई."

होडी उभी राहिली ऐन मे महिन्यात. आमच्या उन्हानं सागवानी फळ्या अशा आकसल्या की सांध्यांतून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसू लागलं. लाकूड भिजलं की फुगतं, हे काकांना कुठूनतरी कळलं. नळ आला तसा त्यांनी पाइप थेट होडीत सोडला. सगळं पाणी अंगणात वाहून गेलं आणि काकूंचे ड्रम कोरडेच राहिले.

"घरात प्याले पाणी नाई अन् तुमी होडीले पाजून राह्यले?"

"लाकूड तहानलं हाये वो. पिऊ दे त्याले."

पुढचा नळ येईपर्यंत काकूंनी पाणी आमच्याकडून नेलं. पण तिसऱ्या-चौथ्या नळाला फळ्या फुगल्या, पाणी ठरलं, आणि काकू मुकाट्यानं होडीतून तांब्या-तांब्या उपसून भांडी घासू लागल्या. शीडही त्यांनीच शिवलं, कुरकुरत.

श्रावणात आम्ही टेम्पोतून होडी धरणावर नेली. पाण्यात उतरवली, तर खिळ्यापाशी बारीक धार लागलेली. काकांचा चेहरा एवढासा झाला.

"गळून राह्यली. तू नोको बसू."

काकूंनी पदर खोचला, पिशवीतून तांब्या काढला आणि चढून बसल्या. "चालवा तुमी. उपसाची सवय हाये मले."

शिडात वारा भरला. काकांना होडी वळवता येत नव्हती, हे पलीकडच्या काठाला लागल्यावर कळलं. दोघं चिखल तुडवत परत आले, होडी मागून टेम्पोनं आली. काकांइतका खूश माणूस मी पाहिलेला नाही.

काकांना जाऊन वर्ष झालं. मला त्यांच्या रंध्याचा आवाज अजून आठवतो. नळ आला की काकू आजही आधी पाइप होडीत सोडतात. आता कशाला, असं मी विचारलं.

"फळ्या उघडल्या तं ते बोलतीन मले," त्या म्हणाल्या आणि नळ आणखी मोठा केला.