दोनशे सहा बराबर

संस्था आमची एक, कॉलेजं तीन: जालना, परतूर अन् हसनाबाद. आणि तिन्हींत मिळून माणसाचा सांगाडा एकच! हसू नका, बहात्तर साली तेवढाच जमला. तो सुटा करून पत्र्याच्या पेटीत भरायचा अन् तिन्ही गावांना वार लावून फिरवायचा, हे काम तातेराव शिपायाचं. रेल्वेत कुणी विचारलं, "पेटीत काय हाय?" की म्हणायचे, "मास्तर हायेत, झोपलेत."

पोचल्यावर दोनशे सहा हाडं, एकेक नाव घेऊन मोजून द्यायची, मंगच सही. मी गिरिधर, परतूरचा क्लार्क. न मोजता सही? बिलकुल न्हाई!

त्या वर्षी परतूरचं सायन्स ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला विद्यापीठाची कमिटी आल्ती.  तातेरावांची पोरगी बेबीनंदा नुकतीच मॅट्रिक झाल्ती. इथलं सायन्स गेलं तर जालन्याला राहायचा खर्चा झेपणार न्हाई, म्हंजे पोरीचं शिक्षण संपलंच.

कमिटीच्या साहेबांनी सांगाड्याकडं बोट केलं. "हा इथलाच ना?"

प्राचार्य "होय" म्हणणार, तेवढ्यात तातेराव मधीच बोलले, "न्हाई साहेब. गुरुवारी हसनाबादला जातो."

आता घ्या! प्राचार्य पांढरेफटक पडले. तातेरावांचा मला असा राग आला म्हणता!

"मग मुलं शिकतात कशी?"

"मी हाडं मोजून देतो, पोरं भवती उभी राहून ऐकत्यात. मी बी मोजता मोजताच शिकलो." अन् कवटीपासून जे सुरू झाले, ते पायाच्या करंगळीपर्यंत. सगळी इंग्रजी नावं, परतूरच्या उच्चारात!

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी, साहेब."

साहेब पोट धरून हसले. "सायन्स चालू ठेवा," म्हणाले, "आणि दुसरा सांगाडा घ्या." सायन्स राहिलं. दुसरा सांगाडा कशाचा येतोय!

सत्त्याहत्तर साली बेबीनंदा बी.एस्सी. होऊन आमच्याच प्रयोगशाळेत लागली. पहिल्याच दिवशी तातेराव पेटी घेऊन हजर. सहीचा कागद पुढं केला.

"बाबा, मोजल्याशिवाय सही न्हाई."

"बघा गिरिधर साहेब, ही तुमचीच शिकवण!" तातेराव माझ्यावर डाफरले अन् मोजायला बसले. छातीच्या फासळ्यांपाशी अडले, नावच सुधरेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढची नावं तिनं घेतली. तातेराव नुसती हाडं देत राह्यले.