करंटीनची पेटी

एखाद्या माणसानं एकट्यानं गाढवपणा केला, तर तो चार दिवसांत विसरला जातो. पण पाच शहाणी माणसं रोज संध्याकाळी एका टेबलाभोवती बसून जगानं कसं वागावं ते ठरवायला लागली, की मग किस्से साचतात. प्लेगच्या साली आमच्या ठाण्याच्या वाचनालयात ते इतके साचले की काय सांगू! मी तिथला चिटणीस. शाळामास्तर माणूस, अक्षर बरं, म्हणून ठराव लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. जे लिहायचं ठरलं ते वहीत आहे. लिहायचं नाही असं जे ठरलं, ते सांगतो.

आमचे प्रेसिडेंट अण्णासाहेब. कचेरीतून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले. जन्मभर नियम वाचले आणि पाळले. त्यांच्यासमोर बापूसाहेब वकील. यांना नियम दिसला की अंगाला खाज सुटायची. मुंबईत प्लेग माजलेला. अण्णांचं म्हणणं, मुंबईहून येणारं माणूस दहा दिवस गावाबाहेर ठेवल्याशिवाय आत घेऊ नये. बापूसाहेबांचं म्हणणं, हा जुलूम आहे.

आणि यात एक गोम होती. अण्णांची एकुलती एक लेक, यमू, गिरगावात दिलेली. पहिलटकरीण. सातव्यातच माहेरी आणायची, पण अण्णांच्या नियमापायी ते लांबत चाललेलं. घरी यमूच्या आईनं, आमच्या काकूंनी, डिंक आणून ठेवलेला, दुपटी शिवून ठेवलेली. काकू रोज विचारायच्या, "यमूला कधी आणायची?"

अण्णा म्हणायचे, "येऊ दे की! दहा दिवस गावाबाहेरच्या शेडमध्ये राहील, मग घरी येईल."

"पोटुशी पोर शेडमध्ये ठेवणार?"

"नियमात पोटुशी असा शब्द नाही," अण्णा म्हणायचे. काकू पदर तोंडाला लावून आत जायच्या.

*

पहिली मोठी डिबेट झाली ती मुंबईची जहाजं युरोपातल्या बंदरांत घ्यावीत की नाहीत यावर. तीन संध्याकाळी चालली! अण्णांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "फ्रान्सनं दार लावावं. इटलीनं दार लावावं. तुर्कस्तानानं तर कडीसुद्धा काढू नये!"

बापूसाहेब उसळले. "आणि व्यापाराचं काय? यात्रेकरूंचं काय? माणसाला हिंडायचा हक्क आहे का नाही?"

मी शाळेतून नकाशा आणून भिंतीवर टांगला. दोघंही इटली शोधायला लागले. सापडेना. चष्मे पुसून झाले, दिवा जवळ आणून झाला. शेवटी कळलं, इटलीच्या जागी वाळवीनं भोक पाडलेलं.

"बघा!" बापूसाहेब म्हणाले. "देशच नाही आणि तुम्ही दार लावताय!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मास्तर, ठरावात इटली तशीच राहू द्या. शाळेच्या हलगर्जीपणाची सवलत तिला मिळणार नाही."

*

मग अण्णांच्या लक्षात आलं, की आमची वर्तमानपत्रं मुंबईहूनच येतात. झालं! ठराव आला. मुंबईचा प्रत्येक कागद, मग ते वर्तमानपत्र असो की पत्र, दहा दिवस कडुनिंबाच्या पाल्यात ठेवावा, गंधकाची धुरी द्यावी आणि मगच वाचावा. वाचनालयात एक पेटी आली. जहाजं बंदराबाहेर अडकवून ठेवतात त्याला साहेब करंटीन म्हणतो, म्हणून ही करंटीनची पेटी. सभासदांनी आपापल्या घरीही तशी पेटी ठेवावी असं ठरलं. बापूसाहेबांनी विरोध केला. बाकीच्यांनी हात वर केले. माझाही हात वर होता, खोटं कशाला बोलू? अण्णांच्या डोळ्याला डोळा देऊन हात खाली ठेवायची हिंमत कुणाला होती?

तेव्हापासून आम्ही दहा दिवस शिळ्या बातम्यांवर भांडायला लागलो. एकदा युरोपातल्या कुठल्याशा परिषदेत काय ठरावं यावर दोघांची अशी जुंपली की रस्त्यावर माणसं थांबली. कल्याणचे एक मामलेदार कचेरीतले ओळखीचे गृहस्थ सहज डोकावले. म्हणाले, "अहो, त्या परिषदेचा निकाल लागला. मागच्याच आठवड्यात. सगळ्या कल्याणला ठाऊक आहे."

अण्णांनी त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं. "आमच्याकडे अजून लागायचा आहे. आपण बाहेर थांबा."

ते गृहस्थ खरंच बाहेर जाऊन थांबले.

*

बापूसाहेबांचाही एक सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकाच बाजूचा आहे.

एका दुपारी बापूसाहेबांच्या दारात त्यांचा मेहुणा उभा. मुंबईहून बायकापोरांसकट, ट्रंका घेऊन. आम्ही समोरच्या ओट्यावर बसलेलो. आता स्वातंत्र्याचे कैवारी काय करतात ते पाहायला आम्ही सरसावून बसलो.

बापूसाहेबांनी दार उघडलं नाही. वरची खिडकी उघडली. "या, या! सगळे बरे ना?"

"दार उघडा की, भावोजी!"

"उघडतो की. पण तुमच्या शेजारी कुणाला आजार झाला होता का हो?"

"शेजारी नाही. खालच्या मजल्यावर."

खिडकी निम्मी मिटली. "असं करा, तुम्ही कल्याणला माझ्या धाकट्या भावाकडे जा. घर हवेशीर आहे त्याचं."

संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "बापूसाहेब, माणसाला हिंडायचा हक्क आहे ना?"

"आहे ना!" ते म्हणाले. "मी त्यांना अडवलं का? पुढे हिंडायलाच सांगितलं."

*

अण्णा मात्र तसे नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या माणसावर मी रागावलो, हसलो, पण खोटा म्हणून बोट दाखवायला जागा नाही.

कल्याण स्टेशनात तेव्हा उतारूंची तपासणी चालायची. सगळ्यांना फलाटावर रांगेत उभं करायचे, डॉक्टर नाडी बघायचा, काखेत चाचपायचा. ताप दिसला की रवानगी शेडमध्ये. लोक भयंकर चिडलेले. अण्णांनी ठरवलं, कल्याणला जाऊन तपासणीच्या बाजूनं व्याख्यान द्यायचं. मला सोबत घेतलं. ठाण्यात गाडी सुटता सुटता आम्ही पळत पकडली आणि डब्यात बसल्यापासून अण्णांनी एका गुजराती व्यापाऱ्याशी तपासणीवर जो वाद घातला, तो कल्याणपर्यंत. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं.

डॉक्टरनं नाडी धरली आणि मान हलवली. "फीव्हर. शेडमध्ये!"

मी हातापाया पडायला लागलो. "साहेब, हे व्याख्यान द्यायला आलेत, तुमच्याच बाजूचं!"

अण्णांनी मला बाजूला सारलं. "मास्तर, गप्प बसा. माणूस बघून नियम बदलला असता तर मी तक्रार केली असती." आणि चालायला लागले ऐटीत!

दिवसभर शेडमध्ये होते. व्याख्यान तिथंच दिलं. ऐकणारे सगळे अडकवून ठेवलेले, त्यामुळे कुणी उठून गेलं नाही. संध्याकाळी अंग निवल्यावर सोडलं. परत येताना म्हणाले, "व्यवस्था चोख आहे. फक्त पाणी जरा मचूळ आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी मुंबईच्या एका वर्तमानपत्राला पत्र धाडलं. आपल्या ठरावाची हकीकत लिहिली आणि शेवटी लिहिलं, प्रस्तुत लेखक आपल्या पोटच्या पोरीलाही यातून सूट देणार नाही. पत्र छापून आलं. ठाण्यात ते दहा दिवसांनी वाचलं गेलं. गिरगावात त्याच दिवशी वाचलं असणार!

*

आणि मग यमूचं पत्र आलं.

पोरीला अण्णांनीच लिहायला शिकवलेलं, त्यामुळे पत्त्यावरचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. पोस्टमननं ते ओट्यावर ठेवलं. काकू धावत बाहेर आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फक्त पत्राचे चारही कोपरे पाहिले. घरात कुणी गेलं की पत्राचा कोपरा फाडून धाडायची आपल्याकडे रीत. कोपरे शाबूत होते. 

"वाचा ना," त्या म्हणाल्या.

अण्णांनी चिमट्यानं पत्र उचललं, पेटीत ठेवलं, वर कडुनिंबाचा पाला घातला आणि झाकण लावलं. "दहा दिवसांनी."

मी तिथंच होतो. मला इतका संताप आला! म्हटलं, "अण्णा, पोरीला नववा लागलाय! काय लिहिलंय, कुणास ठाऊक."

"मला ठाऊक करून घ्यायचं नाही असं नाही, मास्तर," अण्णा म्हणाले. "पण आज हे उघडलं तर उद्या तुम्हाला कुठल्या तोंडानं अडवू?"

वाचनालयात बापूसाहेबांनी उपसूचना आणली. प्रेसिडेंटच्या लेकीची पत्रं नियमातून वगळावीत. सगळ्यांचे हात वर. विरोधात एकटे अण्णा.

"उपसूचना पास झाली," अण्णांनी स्वतःच जाहीर केलं. "आता सभासदांना माझ्या लेकीची पत्रं उघडायला हरकत नाही. पण त्यांना ती येत नाहीत. मला येतात, आणि मी उघडणार नाही."

बापूसाहेबांनी उपसूचनेचा कागद घडी करून खिशात घातला.

काकू रोज सकाळी पेटीतला पाला बदलायच्या आणि पत्रावरून हात फिरवायच्या. अण्णा पाहायचे आणि दुसरीकडे तोंड फिरवायचे. जेवण निम्म्यावर आलेलं. सहाव्या दिवशी आमच्याच आळीत मेलेले उंदीर सापडले. ज्या गावात मुंबईचा प्लेग येऊ नये म्हणून आम्ही इटलीची दारं लावली, त्या गावात तो आपल्या पायांनी आला. लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधायला लागले. अण्णा हलले नाहीत. पत्राचे चार दिवस राहिले होते ना!

*

दहावा दिवस. दुपारची वेळ. मी आणि बापूसाहेब दोघंही न बोलावता जाऊन बसलो. अण्णांनी पत्र काढलं, धुरी दिली, उघडलं. वाचायला माझ्याकडे दिलं. मी वाचलं.

"तीर्थरूप बाबांचे सेवेसी साष्टांग नमस्कार. आपले वर्तमानपत्रातील पत्र वाचले. माझ्यापायी आपला शब्द मोडू नये. इकडे खालच्या बिऱ्हाडी दोन माणसे आजारी झाली आहेत, राहणे धोक्याचे. म्हणून उद्या निघून, ठाण्यात न शिरता, होडीने पलीकडच्या काठी मीठवाल्या हिराबाईकडे जाते. तिने वेगळी झोपडी देऊ केली आहे. पोचवून इकडची स्वारी परत जाईल, रजा नाही. दहा दिवस तिथेच राहीन. आपण जवळ येऊ नये. मात्र रोज सांजचे एकदा अलीकडच्या धक्क्यावर येऊन उभे राहावे. लांबून दिसाल, म्हणजे मला धीर येईल."

काकूंनी हंबरडा फोडला. हिराबाई म्हणजे खाडीपलीकडच्या मिठागरातली म्हातारी. ठाण्यात घरोघर मीठ घालायची, तिकडच्या बायकांची बाळंतपणंही करायची; या दहा दिवसांत मात्र ती ठाण्यात फिरकली नव्हती. तिचं गाव आमच्या धक्क्यावरून दिसतं! दहा दिवस पोर तिथं होती, आणि दहा दिवसांत एकदाही अण्णा धक्क्यावर गेले नव्हते.

अण्णा उठले. पायात वहाणा नाहीत, अंगात अंगरखा नाही. पंचा नेसलेला शिरस्तेदार भर दुपारी ठाण्याच्या रस्त्यानं पळत होता, आणि मागून आम्ही दोघं. होडी मिळाली.  मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

पलीकडचा काठ हातभर राहिला असेल, तोच दोन गडी वल्ही आडवी धरून पुढे आले. मध्ये हिराबाई, पदर खोचलेला.

"थांबा थयाच! ठान्यान उंदीर मरतान. ठान्याच्या मानसाला आमच्या गावान धा दिस बंदी हाय. पंचांनी ठरवलाय."

अण्णा होडीतच उभे राहिले. "हिराबाई, मी आहे. अण्णासाहेब."

"वलखलं. म्हून तर थांब म्हनते. तुजी पोर धा दिस सांजचे धक्क्याकं बगत बसली. काल बालंत झाली. तू कदी आलास?"

 अण्णा एकदम म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मुंबयच्या बाईची बातमी हाय ती. धा दिस पाल्यान ठेव. मंग सांगन."

 अण्णा होडीतून उतरले. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. ते दोन गडी पुढे सरसावले, पण अण्णा तिथंच थांबले, एक पाऊल पुढे टाकलं नाही. दोन्ही हात जोडले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मी इथंच उभा राहतो, बाई. दहा दिवस म्हणाल तर दहा दिवस. ते काही सांगू नका. एवढंच सांगा, माझी यमू बरी आहे ना?"

हिराबाईनं वल्ह्यांवर हात ठेवून ती खाली घ्यायला लावली.

"आता इचारलास बापासारका," ती म्हणाली. "बरी हाय पोर. नात पन बरी हाय."