‘गेले ना ते’
काल मोसंबी सोलताना तो वास आला आणि मुलुंडच्या हॉस्पिटलातली ती दुपार आठवली. छातीत दुखतं म्हणून तुमच्या आजोबांना तिथे ठेवलं होतं. मी खाली जाऊन मोसंबीचा रस घेऊन आले, तर कॉट रिकामी, चादर नीट ओढलेली, उशाचं पुस्तकही नाही. शेजारच्या पेशंटची बायको डबा धूत होती. वळूनही न बघता म्हणाली, “गेले ना ते, मघाशीच.” मी विचारलं, “त्रास झाला का हो त्यांना?” “छे हो, हसत गेले.” मी कॉटचा दांडा घट्ट धरला, तुमच्या आईला फोनवर कसं सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “एक्स-रेला रांग असते ना काकू, बसा की तुम्ही.” थोड्या वेळाने स्वारी व्हीलचेअरवरून परतली, मांडीवर पुस्तक, आणि मला म्हणते, “रडतेस काय गं? रस आंबट निघाला का?” पुढे ते खरोखर गेले, तेव्हा तुम्हाला फोनवर सांगताना तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. म्हणून “वारले” म्हटलं, आणि तुमच्यातल्या धाकट्याने तिकडून विचारलं, “आजी, वारले म्हणजे काय?”