काळ्या दोऱ्याचं बटण

मुलगा जर्मनीत कार्ल्सरूहेला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता. आम्ही दोघं त्याच्याकडे तीन महिने राहिलो. शेवटच्या आठवड्यात त्याने भाड्याची वोनमोबिल आणली. वोनमोबिल म्हणजे गाडीतच घर. दोन बाकं, रात्री त्यांचीच गादी, दोन शेगड्या आणि पाण्याची टाकी. सुनेला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच निघालो.

ह्यांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला होता. आता छातीत दोनदा दुखून गेल्यामुळे डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायची मनाई केली होती. हे मुलाशेजारी बसून रस्ता बघायचे.

अशा गाड्या लावायला कॅम्पिंगच्या जागा असतात, पण तिथे गर्दी आणि आधी नाव नोंदवायची कटकट. मुलाकडे एक पुस्तक होतं. त्यात गावोगावच्या गास्टहाउसचे पत्ते होते. खाली खाणं आणि बिअर, वर मालकाचं घर, असं ते असतं. संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायचं आणि रात्रभर त्यांच्या मागच्या अंगणात गाडी उभी करायची. जागेचे पैसे नाहीत.

"म्हणजे ढाबाच की रे!" हे म्हणाले. "जेवण घ्या, खाट फुकट."

"बाबा, त्या लोकांसमोर असं म्हणू नका हं."

"का? ढाब्याला कमी समजतोस होय? त्याच खाटेवर झोपून तुझी फी भरली."

दोघं हसले. मी काचेतून बाहेर बघत राहिले. ढाब्याचं नाव निघालं की मला आत काहीतरी टोचायचं.

त्याचं कारण मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हे नगरहून नागपूरच्या खेपा करायचे तेव्हा अमरावतीच्या अलीकडे एका ढाब्यावर ठरलेला मुक्काम असायचा. दहा-बारा दिवसांनी घरी आले की मी खाकी शर्ट धुवायला घ्यायची, तर एखादं बटण नव्याने लावलेलं दिसायचं. काळा जाड दोरा, फुलीचा टाका आणि बटणाखाली दोऱ्याचे दोन वेढे. हे कुणी लावलं? नळावर एक शेजारीण एकदा म्हणाली, "ड्रायव्हरचं काय बाई, वाटेवर दुसरं घर असतंच." बाकीच्या हसल्या. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मी ह्यांना काही विचारलं नाही. मला कुणालाच काही विचारता येत नसे. ते बटण मी ब्लेडने काढायची आणि माझ्या पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा लावायची. दर खेपेला. ह्यांना वाढायची, पाणी द्यायची, आणि मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवायची. अशीच वर्षं गेली.

पहिल्या गास्टहाउसला मी गाडीतून उतरलेच नाही. आत लोक बघतील म्हणून शेगडीवर पिठलं केलं.

"आई, इथे जेवायचं ठरलेलं असतं."

"तुम्ही दोघं जेवताय ना? मग झालं."

सकाळी जाग आली तेव्हा हे बाहेर होते. त्यांनी चारही टायर काठीने ठोकून बघितले, अंगणातल्या नळावर तोंड धुतलं. खिडकीतून मालकीण सकाळचा नमस्कार करत म्हणाली, "मोर्गन." हेही म्हणाले, "मोर्गन, मोर्गन," जसं काही रोजचंच आहे. मग गाडीच्या पायरीवर बसून त्यांनी मुलाचं जाकीट मांडीवर घेतलं. त्याचं बटण आदल्या दिवसापासून लोंबत होतं. पिशवीतून चुन्याची जुनी डबी काढली. डबीत सुई होती आणि काळा दोरा होता.

मी चहा ठेवला होता. ह्यांनी फुलीचा टाका घातला. बटणाखाली दोऱ्याचे दोन वेढे दिले. चहा उतू गेला तेव्हा मी भानावर आले.

"तुम्हाला शिवता येतं?"

"ड्रायव्हरला सगळं येतं. सीटखाली डबी असायचीच. जेवण झाल्यावर खाटेवर बसून करणार काय? लावायचो बटणं."

"घरी तर कधी लावलं नाहीत."

"घरी तू होतीस की."

त्या दिवशी रस्त्याला काय काय लागलं ते मला आठवत नाही. ह्यांना सगळं सांगायचं, आणि इथेच सांगायचं, एवढं मनाशी ठरवलं. घरी गेल्यावर मी पुन्हा गप्प होईन हे मला ठाऊक होतं, आणि ह्यांच्या छातीचा काही भरवसा नव्हता. पण एक गाव गेलं, दुसरं गेलं, माझं तोंड उघडेना.

शेवटच्या मुक्कामाला मुलगा मालकाला विचारायला आत गेला. आम्ही दोघं अंगणात उभे होतो. माझ्या अंगावर सुनेचा कोट होता. खरं लिहायचं तर त्याचं बटण मीच ओढून तोडलं आणि ह्यांच्या हातात दिलं.

"काढ कोट."

"गार आहे. अंगावरच लावा."

"मग तोंडात काडी धर. अंगावरचं शिवताना धरतात."

त्यांनी कडेच्या गवताची एक काडी तोडून दिली. मी ती दातांत धरली. चष्मा नाकावर आणून, मान खाली घालून हे शिवायला लागले. दोन टाके झाल्यावर वर न बघता म्हणाले, "हे तरी उसवू नकोस."

मी त्यांच्या हातातल्या सुईकडे बघितलं.

"पांढरा दोरा दिसायचा मला. आधी वाटलं, माझं काम ओबडधोबड म्हणून पुन्हा करतेस. मग त्या शेजारणीच्या नवऱ्याने सांगितलं नळावर काय बोलतात ते. तेव्हा कळलं."

माझ्या तोंडात काडी.

"सांगावंसं वाटायचं. पण तू विचारलंच नाहीस. न विचारता सांगितलं असतं तर तुला आणखीच खोटं वाटलं असतं." दोऱ्याचे दोन वेढे देऊन त्यांनी दोरा दातांनी तोडला. "टाक आता काडी."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

हे सुई डबीत ठेवत होते. पुष्कळ वेळ ते झाकण लागेना. मग म्हणाले, "माझंही. चल, जेवण घेतलं नाही तर खाट मिळायची नाही."

आत लाकडी टेबल होतं. मुलाने मला पाहिलं आणि एक खुर्ची ओढली. मी ह्यांच्या समोर बसले. बटाट्याचं सूप आलं. ह्यांनी पाव मोडून अर्धा माझ्याकडे सरकवला. लोक बघत होते की नाही, ते मी पाहिलं नाही.

परत आल्यावर हे दीड वर्ष होते. त्या दीड वर्षात मी एकदाही भिंतीकडे तोंड करून जेवले नाही. त्याआधीच्या वर्षांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.