बारदान्याची खोली

एम.ए.ला मी स्त्री अभ्यास घेतला तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही, पण हा विषय नेमका कशाचा हे कोणाला सांगताही येत नव्हतं. बाबा लोकांना सांगायचे, "समाजशास्त्रासारखंच असते ते." नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला थेट विचारलं, "बाई असून बाईचा काहून अभ्यास करून राहिली वं?" मी हसले. बी.ए. झालं होतं, आणि या विभागातल्या मॅडमचं एक व्याख्यान मला फार आवडलं होतं, एवढंच कारण.

वर्गात आम्ही मोजक्याच जणी. माझी मैत्रीण काटोलहून रोज एसटीने यायची. घरून निघाली की संध्याकाळी परत पोचेपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे. मला वाटायचं, तिला तहान कमी लागते.

दुसऱ्या सत्रात फिल्डवर्क होतं. मॅडम म्हणाल्या, "जिथलं सगळं आपल्याला माहीत आहे असं वाटतं, तिथेच जा." मी लकडगंज घेतलं. बाबा तिथे एका धान्याच्या ठोक दुकानात मुनीम होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्यासोबत जाई आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून राही. मैत्रीणही सोबत यायला तयार झाली.

दुकानांच्या मागे गोदामं आहेत. तिथे बाया चणा, तूर चाळतात, निवडतात. आम्ही कामाचे तास, मजुरी, घरची लहान मुलं असे प्रश्न घेऊन गेलो होतो. एक वयस्क बाई सुपात तूर पाखडता पाखडता बोलत होती. दुपार होत आली तशी मैत्रिणीने हळूच विचारलं, "मावशी, इकडे बाथरूम कुठं आहे?"

सगळ्या बाया एकमेकींकडे पाहून हसल्या.

"आहे नं, थे काय," मावशी भिंतीकडच्या एका दाराकडे हात करत म्हणाली. "पन कुलूप आहे त्याले. आत रिकाम्या पोत्यायचा बारदाना भरून ठेवला. आमी पानीच कमी पेतो. लयच झालं तं नाल्याकडं जातो, दोघी-तिघी मिळून."

"चावी कोणाजवळ असते?"

"मुनीमजीजवळ."

त्या गोदामात मुनीमजी म्हणत ते एकालाच. माझ्या बाबांना.

मी दुकानात गेले. बाबा गादीवर बसले होते, समोर दलाल, हमाल, दोन गिऱ्हाईकं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चावी मागायला तोंड उघडलं आणि मला शब्दच सापडेना. शेवटी म्हणाले, "बाबा, मागच्या त्या खोलीची चावी पाहिजे होती."

"कोणती खोली?"

"बारदाना आहे ती."

बाबांच्या लक्षात आलं. कान लाल झाले त्यांचे. "घरी बोलू," म्हणाले आणि दलालाकडे वळले. मैत्रीण काटोलला पोचेपर्यंत तशीच राहिली. मी घर गाठलं.

संध्याकाळी ते चिडूनच आले. "माह्या दुकानावरच अभ्यास करायचा होता का तुले?"

"कुलूप काहून लावलं पण?"

"दारुडे घुसत होते तिथं. सेठ म्हणाले, बंद करा. मी केलं. आता बाया मागत असत्या तं दिली नसती का? आजवर कोनी चावी मागितलीच नाही."

पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "चार मानसं बसलेली असताना तुमच्याजवळ येऊन कोन मागन? पोरीलेच बोलता नाही आलं." मग लाटणं थांबवून म्हणाली, "मी एकदा दुकानात आली होती, दिवाळीच्या वक्ताले. घरी येईपर्यंत माह्या पोटात कसं दुखलं, ते मी तुमाले सांगितलं होतं का?"

बाबा हात धुवायला उठले. जेवताना तुरीच्या भावाचं बोलत राहिले. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या खोलीतला बारदाना निघाला होता आणि दाराला आतून नवी कडी बसली होती. सेठजींशी बाबाच बोलले होते. मला त्यांनी सांगितलं नव्हतं, मावशीकडून कळलं. कुलूप बाहेरून असायचंच, पण चावी आता बायांकडे होती. नळाला पाणी मात्र नव्हतं. ड्रम भरून ठेवावा लागे.

वर्गात मी हे सगळं मांडलं. मुनीम म्हणजे माझे बाबा, हेही सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "मग ड्रम भरतं कोण?"

हे आम्ही विचारलंच नव्हतं, म्हणून परत जावं लागलं. ड्रम बायाच भरत होत्या, निवडणीच्या कामातून उठून. तोवर शेजारच्या गोदामातल्या बायाही तिथे यायला लागल्या होत्या आणि साफसफाई कोणी करायची यावरून भांडणं सुरू झाली होती. आमचा अहवाल आम्ही तिथेच थांबवला, कारण सत्र संपत आलं होतं. भांडण थांबलं नव्हतं.

परीक्षा झाल्यावर एकदा जेवताना बाबांनी आपणहून विषय काढला. "तुह्या त्या बायांनी डोकं खाल्लं माह्यं."

"काय म्हणतात?"

"म्हनतात, गडीमानसांचं बाथरूम धुवायला सेठनं मानूस ठेवला, मंग आमचं आमी काहून धुवावं?"

"मग?"

बाबांनी वरणाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. "मंग काय, बरोबरच बोलून राहिल्या. सोमवारी बोलतो सेठसोबत."

बोलले ते. सेठजी लगेच हो म्हणाले नाहीत, पण पावसाळ्याआधी नळ जोडला गेला आणि धुणारा माणूस दोन्हीकडे जायला लागला. मावशी मला बाजारात भेटली तेव्हा तिनेच सांगितलं, आणि वर तक्रारही केली की तो कोपरे नीट घासत नाही.