ऑइल खाणाऱ्या दोन गाड्या

त्या दुष्काळात शहराला प्यायला पाणी मिळत नव्हतं आणि माझी जुनी गाडी मात्र इंजिन ऑइल पीत सुटली होती. ऑइल भरायला मी सारखी हर्सूलच्या गॅरेजात जायची. तिथंच ते भेटायचे. वय साठीच्या पुढं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गाडी माझ्यासारखीच ऑइल खाणारी. नाव मी कधी विचारलं नाही.

"काय ताई, तुमची किती प्यायली?" ते लांबूनच विचारायचे. मग आपल्या इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून पुसायचे, पुन्हा बुडवायचे आणि उन्हात धरून बघायचे. "लई उतरलंय," म्हणताना त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा समाधानच जास्त असायचं. लगेच दोन चहा सांगायचे. आपल्या गल्लीत सगळीकडं नव्या इमारती झाल्यात आणि ओळखीचं कुणी उरलं नाय, एवढंच स्वतःबद्दल बोलायचे.

एकदा गॅरेजवाला म्हणाला, "दोन्ही गाड्यांच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणून ऑइल जळतंय. इंजिन खोलून बदलून टाकू."

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "माझी राहू द्या. चालतंय तसं."

मी गाडी न्यायला गेले, तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. मी इंजिन सुरू केलं. त्यांनी मागं जाऊन सायलेन्सरपुढं रुमाल धरला. तो कोरडाच राहिला, ऑइलचा एक डागही पडला नाही.

"एकदम बेस झाली," ते म्हणाले. मग खिडकीवर हात ठेवून हळूच विचारलं, "म्हंजे आता तुमचं इकडं येणं नाय व्हायचं?"

"येईन की," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, पण खिडकीवरचा हात काही काढला नाही.