बिनकाठाचे टॉवेल

उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. घरं बावीस, त्यातली तेरा कुलपात, आणि कुलपांच्या किल्ल्या सगळ्या तुळसाकडे. कुणाचं कौल सरकलं, कुणाच्या माळ्यावर वानरं शिरली, हे मुंबईला कळवायचं काम तिचंच. तिचा नवरा कधीच गेलेला, आणि एकुलत्या पोराच्या, किशोरच्या, खोलीला आठ वर्षं कडी. म्हणून दोन वर्षांपूर्वी किशोर मुंबईतलं, गोरेगावचं काम सोडून कायमचा घरी आला, तेव्हा ती महिनाभर दोघांसाठी चौघांचा स्वयंपाक करत होती.

तो आला मुनाफमुळे. मुनाफ महाडचा, कुवेतला पंधरा वर्षं काढून परतलेला. त्यानं पोलादपूरला हायवेलगत गाड्या चमकवायचं दुकान टाकलं. नुसतं धुणं नव्हे हं. रंगावरचे बारीक चरे पॉलिशनं घालवायचे, वर काचेसारखा लेप चढवायचा. डिटेलिंग म्हणतात त्याला, आणि किशोर ते मुंबईत शिकला होता. या कामात सगळी मदार पुसायच्या मायक्रोफायबर टॉवेलांवर. दुकानातल्या बोअरच्या पाण्यानं ते राठ व्हायला लागले, तेव्हा किशोर ते धुवायला घरी आणू लागला. वाडीच्या झऱ्याचं पाणी मऊ.

"आये, ह्यांना दगडावर आपटायचं नाय," त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं. "नीळ नाय, सोडा नाय, गरम पाणी नाय. आपल्या लुगड्यांबरोबर भिजवायचं नाय, सुताची लव चिकटते."

"आणि इस्त्री?"

"इस्त्री केलीस तर मेलेच समज."

चाकाचे टॉवेल एका बादलीत, काचेचे दुसरीत, रंगाचे तिसरीत. माळकरी सासूची भांडी वीस वर्षं वेगळी घासलेल्या बाईला याचं काय कौतुक! दोन फणसांच्या मध्ये दोरी बांधून ती टॉवेल सावलीत वाळवायची, मग एकेक झटकून, गालावरून फिरवून बघायची. गवताचं एक कुसळ राहिलं तरी टॉवेल पुन्हा पाण्यात. दोन वर्षांत एकही टॉवेल माघारी आला नाही. पोरगा घरात टिकलाय तो आपल्या या धुण्यावर, असं तिला मनोमन वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

तिचा दुसरा लौकिक वाकळीचा. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना टाका मुंगीएवढा, आणि चारी कोपऱ्यांवर दुहेरी गाठ. वाडीतलं एकूण एक पोर त्या टाक्याखाली झोपून मोठं झालेलं.

गेल्या दिवाळीआधी मुनाफनं नवे टॉवेल मागवले. जाड, राखाडी, साईसारखे मऊ. पहिल्या धुण्याला ते वाडीत आले आणि तुळसा बघतच राहिली. चोवीस टॉवेल, आणि एकालाही काठ नाही! कडा नुसत्या कापलेल्या.

"कापायला हात होते, शिवायला मोडले काय मेल्यांचे?"

बिनकाठाचं कापड परत पाठवायचं म्हणजे तिला न्हाऊमाखू घातलेलं पोर उघडं धाडल्यासारखं वाटलं. दिवाळीच्या गर्दीमुळे किशोर दिवसभर दुकानात. तिनं सरळ राखाडी नायलॉनचा दोरा काढला आणि तीन दुपारी ओटीवर बसून चोवीसच्या चोवीस टॉवेलांना काठ घातला. कोपऱ्याकोपऱ्यावर गाठी मारल्या. काय करायचं नाही ते किशोरनं सगळं सांगितलं होतं, पण काठ घालू नकोस हे सांगायला कुणाच्या बापाला सुचलं असतं? रंगावर शिवण घासू नये म्हणूनच ते टॉवेल बिनकाठाचे करतात, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं घड्या घालून पिशवी बांधून ठेवली आणि मुद्दामच काही बोलली नाही. मुनाफशेट आपणहून वाखाणतील, मग पोराला सांगू, असा तिचा बेत.

पिशवी दुकानात गेली त्याच्या चौथ्या दिवशी किशोर भर दुपारी घरी आला. पायरीवर बसला, पाणी प्याला.

"धंदा बसलाय गो. मुनाफनं माणसं कमी केली. गोरेगावचा जुना शेट बोलवतोय."

"दिवाळीत धंदा बसतो?"

"बसतो कधी कधी."

दिवाळी झाली आणि तो गेला. तिनं नवी वाकळ बरोबर दिली, आणि एसटी वळणाआड झाल्यावर घरी येऊन त्याच्या खोलीला कडी घातली.

तीन आठवड्यांनी मुनाफ स्वतः वाडीत आला. हातात तीच पिशवी.

"मावशी, दुकान बंद केलं. परत कुवेतला चाललो. हे राहू द्या तुमच्याकडं, घरात पुसायला."

"बंद? का ओ?"

"किशोर बोलला नाही?" मुनाफ ओटीवर टेकला. महाडच्या एका कंत्राटदाराची काळी गाडी होती, निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याच ओळखीची. किशोरनं दोन दिवस पॉलिश केलं. तो जेवायला गेला तेव्हा सुनीलनं, दुकानातल्या दुसऱ्या कारागिरानं, नव्या टॉवेलांनी गाडी पुसली. लाईट लावून बघतात तर बॉनेटभर केसासारखे ओरखडे. कंत्राटदारानं फोटो गावभर फिरवले. "टॉवेल बघितले तर सगळ्यांना काठ. कुणी घातले विचारलं, तर किशोर म्हणतो, मी! अहो, टॉवेलला शिवलेली कंपनीची चिठ्ठीसुद्धा, ओरखडे उठतात म्हणून, आम्हाला कातरून टाकायला लावायचा तो. माझं डोकं फिरलं, निघ म्हटलं. अजाण माणसाच्या हातून झालं असतं तर एक शब्द बोललो नसतो." त्यानं एक कोपरा बोटानं चाचपला. "पण मावशी, एवढा बारीक टाका हा शिकला कुठं?"

तुळसानं टॉवेल त्याच्या हातातून काढून घेतला.

"टाका त्याचा नाय. माझा हाय."

मुनाफनं खिशातून फोन काढला. "सांगतो त्याला. बोलावून घेतो."

"कुठं बोलवता? दुकान हाय का?"

फोन परत खिशात गेला.

"मग नका सांगू," ती म्हणाली. "मला कळलंय, ह्ये त्याला कळता कामा नाय."

मुनाफ गेल्यावर तिनं कपाळ बडवून घेतलं. हे हात तोडून टाकावेत असं तिला वाटलं. पोराला आपणच घराबाहेर काढलं, तेही इतक्या मायेनं, इतक्या निगुतीनं. आणि त्याची माफी मागावी तर त्यानं जे लपवलं ते वाया जाणार.

रविवारी संध्याकाळी ती देवळामागच्या कातळावर गेली. वाडीत रेंज तेवढीच. किशोरचा फोन आला.

"बरी हायस ना, आये?"

"बरी हाय."

"टॉवेल येतात का गो अजून?"

"नाय रे. आता नाय येत."

"बरं झालं, तुझे हात तरी सुटले." तो हसला. "आये, हितं खोलीवरची पोरं वाकळ बघून विचारतात, एवढा बारीक टाका कुणाचा? मी सांगतो, माझ्या आयचा."

तुळसानं फोन कानापासून लांब धरला.

"आये? रेंज गेली काय?"

"हां रे," ती म्हणाली. "गेली."